नोंदीत न येणारी घरे

(पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



दर महिन्याच्या आरंभी वृत्तपत्रांत एक बातमी हमखास असते. मुंबईत गेल्या महिन्यात इतक्या हजार घरांची विक्री झाली, इतके टक्के वाढ वा घट झाली. ती वाचून घरांचा बाजार चढला की उतरला, याचा निर्णय आपण करून टाकतो. या आकड्यांकडे आज जरा थांबून पाहू.

दुय्यम निबंधक कार्यालयात जे दस्त नोंदले जातात, त्यांची ही गणती असते. सौदा कधी ठरला, हे त्यात येत नाही. म्हणून या आलेखाला स्वतःचे ऋतू आहेत. पितृपक्षात तो खाली येतो, दसरा-दिवाळीला वर चढतो. बाजारमूल्याचे नवे दर साधारणतः १ एप्रिलपासून लागू होत असल्याने मार्चअखेर नोंदणीसाठी झुंबड उडते. शासनाचा एखादा निर्णयही हा आलेख कसा फिरवतो, हे २०२० साली दिसले. करोनाच्या मंदीत सप्टेंबर ते डिसेंबर या काळापुरते मुंबईतील मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले गेले. ऑगस्टमध्ये तेथे सुमारे २६०० दस्त नोंदले गेले होते. डिसेंबरात ती संख्या १९ हजारांपुढे गेली. लोकांची मिळकत काही सातपट झाली नव्हती. सवलत संपण्यापूर्वी व्यवहार उरकले गेले होते. म्हणून महिन्याचा आकडा गतवर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावा आणि तेव्हा कोणती सवलत चालू होती, हेही विचारावे.

परंतु पुंडलिकनगरच्या गल्ल्यांतून फिरताना याहून मोठा प्रश्न पडतो. गुंठेवारीतील घरे या गणतीत कोठे आहेत? चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांमागोमाग खेड्यापाड्यांतून माणसे या शहरात आली. सिडकोचे घर वा मंजूर अभिन्यासातील भूखंड ज्यांच्या आवाक्यात नव्हता, त्यांनी शेतजमिनीचा अर्धा-पाऊण गुंठा घेतला. पूर्ण गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. असे तुकडे पाडण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी. म्हणून व्यवहार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर झाले. पैसे पूर्ण दिले, घरे उभी राहिली, मुलांची लग्नेही झाली. मात्र नोंदणीकृत खरेदीखताखेरीज केवळ करारनामा वा मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

याची झळ केव्हा लागते? घरात आजारपण येते, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे असते, तेव्हा बँक खरेदीखत मागते. विकावे म्हटले, तर रोकड हाती असलेला ग्राहक भाव पाडून मागतो. आयुष्यभराची कमाई कागदाअभावी अर्ध्या मोलाची होते.

मार्ग नाही असे नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वसाहतींना नियमित होण्याची वाट दिली. २०२१ च्या सुधारणेने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्याच वर्षी जुलैमधील एका परिपत्रकाने लहान तुकड्यांच्या दस्तनोंदणीवर निर्बंध आले. ते परिपत्रक मे २०२२ मध्ये याच शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द ठरविले. पुढे २०२५ साली शासनाने नागरी भागातील तुकडेबंदी शिथिल करण्याचे पाऊल उचलले. तरीही दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानी ठेवा. महापालिकेकडून होणारे नियमितीकरण ही एक आणि मालकीचा नोंदणीकृत दस्त ही दुसरी. एकीने दुसरी आपोआप साधत नाही.

सुशिक्षित तरुणांना माझी एकच विनंती आहे. आपल्या गल्लीतील दहा घरे वाटून घ्या. जुना करारनामा, कर भरल्याच्या पावत्या, वीजदेयके, मोजणीचा नकाशा यांची संचिका त्या कुटुंबाबरोबर बसून तयार करा. मुंबईचे आकडे दरमहा छापून येतीलच. आपल्या गल्लीत या महिन्यात किती घरांचे कागद पुरे झाले, हा हिशेब आपणच ठेवायचा आहे.