नाव एक, वस्तू दोन



वनांच्या या मुलखात संगणकाच्या पोटातील दोषांवर व्याख्यान कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु आज आम्ही ज्या दोषाविषयी बोलणार आहोत, तो यंत्राइतकाच आपल्या दप्तरांतही नांदतो. दोघे जण एकच नाव उच्चारतात, दोघांच्या मनातील वस्तू मात्र निराळी असते, आणि दोघांनाही तसा संशय येत नाही; असा तो दोष आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. संगणकावर आपण पत्र लिहितो, हिशेब मांडतो, चित्र पाहतो. या साऱ्या कामांच्या तळाशी एक मूळ प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावी, कोणाचे काम केव्हा चालवावे, हे तो ठरवतो. वरचा एखादा प्रोग्रॅम चुकला तर कर्नेल त्याला थांबवतो आणि बाकीचे व्यवहार चालू राहतात. कर्नेलच चुकला तर त्याला सावरणारा वर कोणी नाही. मग सगळे यंत्र बंद पडते, किंवा बंद न पडता निमूटपणे चुकीचे काम करीत राहते; आणि हे दुसरे अधिक वाईट. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला लिनक्स हा असाच एक कर्नेल. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच्यावरच चालतो.

लिनक्स मुख्यतः सी या भाषेत लिहिला आहे, आणि तो हजारो फायलींत विभागलेला आहे. कंपायलर हा यंत्रभाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम एका वेळी एकच मूळ फाइल हाती घेतो. म्हणून एका फाइलीत घडवलेली वस्तू दुसरीत वापरायची तर तेथे आधी सांगावे लागते, की या नावाची, या प्रकारची वस्तू अन्यत्र आहे. ही झाली घोषणा. वस्तू प्रत्यक्ष जेथे घडते ती व्याख्या. घोषणा म्हणजे वचन, व्याख्या म्हणजे माल. कंपायलर वचनावर विश्वास ठेवून पुढे जातो. शेवटी लिंकर येऊन सर्व तुकडे सांधतो. पण तो नावाला नाव मिळते की नाही, एवढेच पाहतो. माल कोणत्या प्रकारचा, हे तो विचारीत नाही. सारा घोटाळा या फटीतून आत शिरतो.

त्यातला पहिला प्रकार सोपा. नावच सापडत नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. १९७५ सालचे कागद त्या नावाखाली शोधू गेलो तर कारकून 'नाही' म्हणतो, आणि आपण चंद्रपूरचे दप्तर उघडतो. लिंकरही असाच स्पष्ट नकार देतो. जो दोष ओरडून सांगतो, त्याचे भय नाही.

दुसरा प्रकार न केलेल्या घोषणेचा. सी भाषेची जुनी सवलत अशी होती, की घोषणा न करता एखादे कार्य बोलावले, तर ते साधी पूर्ण संख्या परत देते असे कंपायलर गृहीत धरी. आजच्या यंत्रात पत्ता आठ बाइटांचा आणि ती संख्या चार बाइटांची. कार्याने पत्ता दिला तर त्याचा अर्धा भाग गळून जातो. गाव लिहिलेले आणि जिल्हा पुसलेला, असे ते पत्र. ही सवलत भाषेच्या नियमांतून १९९९ साली गेली. पण प्रसिद्ध जीसीसी कंपायलरने आपण होऊन असा मजकूर नाकारण्यास सुरुवात केली ती २०२४ सालच्या चौदाव्या आवृत्तीत! सवय नियमाहून चिवट असते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. एका फाइलीत एका नावाने शंभर खणांची रांग मांडली आहे. दुसरीत त्याच नावाची घोषणा 'पत्ता लिहिलेली चिठ्ठी' अशी केली आहे. लिंकर संतुष्ट होतो. दुसरी फाइल मग रांगेतील पहिले आठ बाइट उचलते, त्यांनाच पत्ता समजते आणि भलत्याच दारावर जाऊन उभी राहते. याच जातीची आणखी एक चूक आहे. कर्नेल स्मृतीत कोठे संपतो हे दाखवणारे नाव लिंकर देतो. ते हद्दीच्या दगडासारखे असते. दगड कोठे आहे याला अर्थ, त्याच्या पोटात काय आहे याला नाही. अजाण लेखक तो दगड फोडून आतला आकडा वाचतो.

आता आपल्या दप्तराकडे वळू. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली नोंदींत गावाजवळच्या खुरट्या झुडपांच्या जमिनीपुढे 'झुडपी जंगल' असे लिहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि हा शब्दही आला. महसूल खात्याच्या लेखी ती गावच्या उपयोगाची जमीन होती. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की 'वन' शब्दाचा कोशातील अर्थ धरावा, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही त्यात यावी. नाव तेच राहिले, वाचणारा बदलला. तोवर त्या जमिनींवर घरे, शाळा, कार्यालये उभी राहिली होती. चंद्रपूर व गडचिरोलीसह पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न होता. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असे सांगितले, आणि १९९६ पूर्वी दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मान्यता मागावी असा मार्ग दाखवला. दोन खाती, एक शब्द, दोन अर्थ. आणि मध्ये आपल्या घराचा कागद हाती धरून उभा असलेला माणूस.

दोष शोधावा कसा? तक्रारींची लांबलचक यादी आली तर पहिली वाचावी. पुढच्या पुष्कळशा तिचीच पिल्ले असतात. तक्रार कंपायलरची की लिंकरची, हे पाहावे. पहिला म्हणतो वचन नाही, दुसरा म्हणतो माल नाही. 'एनएम' नावाचे साधन प्रत्येक तुकड्यातील नावांची यादी देते. कोणते नाव तेथे घडले आणि कोणते बाहेरून हवे आहे, हे तिच्यात एकेका अक्षराने कळते. आणि नावे जुळूनही यंत्र भरकटत असेल, तर घोषणा व व्याख्या शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहावी.

यावरचा उपायही साधाच आहे. घोषणा एकाच ठिकाणी, हेडर फाइलीत, लिहावी. आणि वापरणाऱ्याने तर ती वाचावीच, पण वस्तू घडवणाऱ्यानेही तीच वाचावी. मग दोघांत तफावत पडताच कंपायलर तेथल्या तेथे अडवतो. घडवणारा आपली घोषणा न वाचता काम करू लागला, की फट पुन्हा उघडली.

कर्नेलमधील घोषणा एका दुपारी दुरुस्त होते. जमिनीच्या दप्तरातील शब्द दुरुस्त व्हायला पिढ्या जातात. म्हणून तेथे तर दोन्ही खात्यांनी आरंभापासून एकच पान वाचले पाहिजे. शब्द जुळला एवढ्यावर समाधान न मानता, 'तुमच्या मनात वस्तू कोणती?' हे विचारण्याची सवय आपल्याला लागो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.