वीज आणि पूर्वसिद्धता
(विरार येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



दि. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व आसपासच्या प्रदेशाची वीज गेली. आपली विरारची लोकलही थांबली. करोनाच्या साथीचे ते दिवस. रुग्णालयांची सारी भिस्त जनित्रांवर आली. वस्तुतः अशा प्रसंगी मुंबईला बिघडलेल्या जाळ्यापासून विलग करून स्थानिक केंद्रांच्या विजेवर चालू ठेवणारी यंत्रणा १९८१ पासून सिद्ध होती. त्या दिवशी मात्र ती उपयोगी पडली नाही.

राज्याजवळ साधने नाहीत असे नव्हे. कोयनेचे पाणी मागणी वाढताच अल्पावधीत वीज देते. २५० मेगावॉटच्या घाटघर प्रकल्पात कमी मागणीच्या वेळी पाणी वर चढवून ठेवतात व निकडीच्या वेळी ते खाली सोडतात. परंतु साधन असणे निराळे आणि ऐनवेळी त्याने काम देणे निराळे. म्हणून प्रत्येक योजनेची चाचणी शांततेच्या काळातच वरचेवर झाली पाहिजे.

हाच न्याय आपणांसही लागू आहे. इमारतीचे जनित्र दरमहा चालवून पाहावे. प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या शेजाऱ्यांची यादी करावी, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत. अंधार घरे निवडून येत नाही.