डायमेकर: पंच आणि डाय यांमधली फट

मोटारीच्या दारापासून विजेच्या बटणातील पितळी पट्टीपर्यंत पत्र्याचे असंख्य भाग प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, एकाच मापाचे निघतात, याचे श्रेय मुख्यतः त्यांचे साचे घडवणाऱ्या टूल अँड डाय मेकर या कारागिराला द्यावे लागते. पत्रा कापणाऱ्या साच्यात वरचा पंच खालच्या डायच्या छिद्रात उतरतो आणि या दोहोंमध्ये राखलेल्या फटीला क्लिअरन्स म्हणतात. १ मिलिमीटर जाडीच्या मऊ पोलादी पत्र्यासाठी ती प्रत्येक बाजूस साधारणतः ०.०५ मिलिमीटर असते. फट वाढली, की कापलेल्या कडेला बर, म्हणजे बोचरा कंगोरा, राहतो. कमी पडली, की साच्याची धार लवकर जाते. कापून पडणारा तुकडा हवा असल्यास डाय नेमक्या मापाची करून फट पंचातून वजा करतात, तर पत्र्यात भोक हवे असल्यास पंच नेमक्या मापाचा ठेवून फट डायला देतात, आणि या विद्येचे निम्मे मर्म या एका नियमातच आहे, असे म्हणता येईल.

साच्याचे पोलाद तापवून कडक करताना किंचित वाकते वा फुगते, म्हणून ग्राइंडिंगसाठी थोडे माप आधीच राखले जाते; आणि वायरकट, म्हणजे तारेने कापणाऱ्या, यंत्राने कितीही अचूक कापले, तरी अखेरची जुळणी पुष्कळदा निळा रंग लावून, डाग कुठे उमटतो ते पाहत, हातानेच करावी लागते.

दहावीनंतर आयटीआयमध्ये या व्यवसायाचा २ वर्षांचा अभ्यासक्रम असून छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम या केंद्र सरकारच्या संस्थेतही त्याचे शिक्षण मिळते; गणिताची आणि हातकामाची आवड असलेल्या मुलामुलींनी त्याचा अवश्य विचार करावा.