आधी साक्षीदार तपासा



आपले गाव गिरण्यांचे. मागखात्यात हवेचा दमटपणा पाहण्यासाठी एक कोरडा व एक ओला असे दोन तापमापक शेजारी टांगत. ओल्याची वात वाळली की दोघांचे आकडे सारखे होत. मग कोरडी हवाही दमट भासे.

परवा एका स्नेह्यांची जुनी स्पोर्ट्स मोटार ऐन वैशाखात गरम वारा सोडू लागली. कारागिराने कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च सांगितला. मी म्हटले, आधी साक्षीदार तपासू.

हा साक्षीदार म्हणजे थर्मिस्टर, मिऱ्याएवढा दाणा. उष्णता वाढली की त्याचा विद्युतरोध घटतो, गारव्यात वाढतो. तार तुटली तर रोध अमर्याद होतो. यंत्राला वाटते, कडाक्याची थंडी आहे, आणि ते ऊब सोडते!

त्याच्या जाळीपाशी पातळ कागद धरला; तो चिकटला, म्हणजे हवा ओढणारा छोटा पंखा चालू होता. पंखा थांबला, तर दाणा कोंडलेली हवाच मोजत बसतो. मग दाणा पिशवीत गुंडाळून बर्फाच्या पाण्यात, नंतर कोमट पाण्यात धरला. ओहममापकाचे आकडे पुस्तिकेतील तक्त्याशी जुळले. दाणा निर्दोष! शेवटी तारेचा एक सांधा गंजलेला सापडला. तो घासून जोडला आणि गार वारा आला.

साक्षीदार खरा होता, निरोप वाटेतच हरवला होता. म्हणून मोठ्या यंत्राला शिक्षा देण्यापूर्वी साक्ष आणि तिची वाट, दोन्ही तपासावीत, एवढेच सांगून आपली रजा घेतो.