गच्चीवरून मैदानाकडे



कोरोनाकाळात विद्यार्थ्यांच्या खाण्यापिण्याचे आणि व्यायामाचे काय झाले, हा आजचा विषय. ‘मोबाईलमुळे मुलं आळशी झाली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. सवयी निर्धारावर अवलंबून असतात, तशाच जागेवर, पैशावर आणि मोकळीकीवरही असतात.

आठवून पाहा. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली. पुण्यातल्या होस्टेलमधली मुले नगर, संगमनेर, श्रीरामपूरला परतली. एप्रिलमध्ये आपले मुकुंदनगर हॉटस्पॉट म्हणून सील झाले. बसस्टॉपपर्यंतचे चालणे थांबले, मशिदीच्या फेऱ्या थांबल्या. त्याला आपण कधी व्यायाम म्हटले नव्हते, पण शरीर हलत होते ते त्यामुळेच. 25 एप्रिलला रोजे सुरू झाले. सहरीपर्यंत जागायचे, फजरनंतर झोपायचे. 25 मेला ईद झाली, तरी अनेकांचे हे वेळापत्रक बदलले नाही. लेक्चर अंथरुणात, नाश्ता दुपारी, रात्री चहा-फरसाण.

आता ताटाकडे या. टाळेबंदीच्या आधीच ‘कोंबडीतून कोरोना होतो’ ही अफवा व्हॉट्सॲपवर फिरली. चिकनचे, अंड्यांचे भाव कोसळले, तरी लोक घेईनात. पुढे रोजंदारी बुडाली, तेव्हा अनेक घरांत घ्यायला पैसे उरले नाहीत. त्याच उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या दुधाला भाव नव्हता आणि शहरातल्या कित्येक घरांत मुलांच्या पेल्यात दूध नव्हते. याला विद्यार्थ्यांचा आळस कसे म्हणायचे?

आणखी एक गोष्ट. त्या काळात मुलगे पहिल्यांदा महिनोन्‌महिने घरात बसले आणि वैतागले. आपल्या कितीतरी मुलींचे रोजचे जगणे तसेच असते. उलट त्या दिवसांत आई, मुली, सुना संध्याकाळी गच्चीवर फिरू लागल्या होत्या. ऑक्टोबर 2021मध्ये कॉलेजे उघडली. मुलगे क्रिकेटला, जिमला परतले. मुली कॉलेजातून थेट घरी, मग स्वयंपाकघरात. गच्चीवरचे फिरणेही सुटले.

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. दिवसाला वीस-बावीस मिनिटे झाली. ती मुलींना कुठे मिळणार, हे आपण ठरवायचे आहे.

म्हणून तीन गोष्टी मागतो. वाडिया पार्क असो की मोहल्ल्यातले मैदान, सकाळी मुलींचा गट तिथे दिसला पाहिजे. सोबतीला आया आल्या तर उत्तमच. घरात अंडे, दूध, भिजवलेले चणे जे काही असेल, ते भाऊ-बहिणीच्या ताटात सारखे वाढा. आणि खाण्याबद्दलचा मेसेज पुढे पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आजाराने आपल्याला घरात कोंडले होते. तो ओसरला. आता मुलींसाठी दार उघडणे आपल्या हातात आहे.