यादीत नसलेले नाव
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी संगणकात नोकरी करतो, म्हणून या मेळाव्यासाठी सगळ्यांना शोधायचे काम माझ्याकडे आले. ज्यांचे नंबर होते त्यांना विचारले, "वर्गातले कोण कोण तुझ्या संपर्कात आहेत?" उत्तरांचा दोन रकान्यांचा तक्ता केला आणि डेटाबेसला सांगितले: माझे मित्र दे, त्यांचे मित्र दे, त्यांचेही मित्र दे. आपल्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा चालणाऱ्या या प्रश्नाला रिकर्सिव्ह क्वेरी म्हणतात. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणात तिला जागा मिळाली.

आपल्याकडे अनेक घरांत कुलवृत्तांत असतो. त्यातली वंशावळ अशीच वाचतात: मूळ पुरुष, मुलगे, नातू. ती कुठेतरी संपते, कारण नातू काही आजोबांचा बाप होत नाही. मैत्रीचे तसे नाही. मी त्याचा मित्र, तो माझा. माझी क्वेरी रात्रभर माझ्यापासून निघून माझ्याकडेच येत राहिली! आलेली ओळ पुन्हा घेऊ नको, असे बजावले होते; पण ओळीत पायरीचा आकडाही होता, त्यामुळे तोच माणूस पुढच्या पायरीला नवा ठरे. शेवटी प्रत्येक वाटेवर भेटलेल्यांची यादी सोबत ठेवली; त्यातला कोणी पुन्हा दिसला की ती वाट बंद. लगेच उत्तर आले.

२०११ मध्ये फेसबुकच्या सुमारे ७२ कोटी वापरकर्त्यांमधले सरासरी अंतर मोजले गेले, ते ४.७४ दुव्यांचे निघाले. आपल्या वर्गात कोणीच तीन पायऱ्यांपलीकडे नव्हते.

एक सोडून. आठवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारा, मग शाळा सोडून मिरकरवाड्याला बोटीवर गेलेला. त्याचे नाव कोणाच्याच यादीत नव्हते. माझ्याही. जी ओळ तक्त्यातच नाही, ती कोणतीही क्वेरी आणून देत नाही.

मग मी बंदरावर गेलो. दोघांना विचारले, तिसरा तोच होता. म्हणाला, "दर गणपतीत मारुती मंदिराजवळ दिसतोस. वळख देशील की नाय, म्हणून हाक मारली नाय."

मित्रांनो, तो आज आमच्या त्याच बाकावर बसला आहे.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने त्यात एक तरी नाव लिहा, जे मघाशी लिहायचे राहून गेले.