बर्थाबाईंची मोटार

मंडळी, आज आम्ही तुम्हांला एका मोटारीची हकीकत सांगणार आहोत. मर्सिडीज-बेंझ हे तिचं नाव. तीन टोकांची चांदणी ही तिची खूण. ही गाडी म्हणजे पैसेवाल्यांचं काम, असं लोक समजतात. पण ती ज्यांनी काढली ते काही धनवान नव्हते.

जर्मनी देशात 1844 साली कार्ल बेंझ जन्मला. बाप आगगाडीच्या इंजिनावर ड्रायव्हर. पोर दोन वर्षांचं झालं नाही तोच बाप वारला. आईनं हाल सोसले, पण मुलाला शिकवलं. तो यंत्रविद्या शिकला. मानहाइम शहरी त्यानं भागीत कारखाना काढला. भागीदाराशी पटेना. तेव्हा बर्था नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. तिच्या लग्नासाठी बापानं पैसा राखला होता. तो तिनं आधीच मागून घेतला अन् भागीदाराचा वाटा सोडवला!

1886 च्या जानेवारीत कार्लनं आपल्या गाडीच्या पेटंटसाठी, म्हणजे हक्कपत्रासाठी, सरकारकडे अर्ज केला. गाडीला तीन चाकं. घोडा नाही, बैल नाही. इंजिनात तेलाची वाफ हवेत मिसळते, ठिणगी पडते, भडका उडतो. त्या जोरानं दट्ट्या सरकतो अन् चाक फिरतं. लोक बघायला जमत. पण गिऱ्हाईक मिळेना. कार्लचा धीर खचू लागला.

1888 चा ऑगस्ट महिना. नवऱ्याला न विचारता बर्थाबाई पहाटे गाडी घेऊन निघाल्या. बरोबर दोन मुलगे, थोरला पंधरा वर्षांचा. जायचं कुठं? माहेरी, फोर्झहाइमला. वाट शंभर किलोमीटरहून जास्त. इतक्या लांब मोटार तोवर कोणी नेली नव्हती.

वाटेत तेल सरलं. त्या काळी पेट्रोलचा पंप कुठला? वीसलोख गावात औषधाचं दुकान होतं. कपड्यांचे डाग काढायला लिग्रोइन नावाचं पातळ तेल तिथं मिळे. तेच टाकीत ओतलं. नळी तुंबली, तर बाईंनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. चढ आला की मुलं गाडी ढकलत. उतारावर लाकडी ब्रेक झिजला, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंजिन तापे, म्हणून मिळेल तिथून पाणी भरायचं. दिवस मावळता मायलेकरं पोचली. मग नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीनं परतही आली. चढाला गाडी कमी पडते, हे बाईंनी सांगितल्यावर कार्लनं गिअर वाढवला. आमच्या मते ती गाडी जितकी कार्लची, तितकीच बर्थाबाईंची.

त्याच सुमारास कानश्टाट गावी पाववाल्याचा मुलगा गोटलिब डाइमलर बागेतल्या खोपटात इंजिन बनवत होता. जोडीला विल्हेल्म मायबाख. रात्रंदिवस खटखट चाले. माळ्याला वाटलं, हे खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलीस आणले, असं सांगतात. सापडली ती यंत्रं!

डाइमलर 1900 साली वारला. पुढं येलिनेक नावाच्या व्यापाऱ्यानं कंपनीच्या छत्तीस गाड्या घेतल्या अन् आपल्या लेकीचं नाव गाडीला दिलं. तीच मर्सिडीज. 1926 साली डाइमलर अन् बेंझ या दोन्ही कंपन्या एक झाल्या.

पण एक काळी गोष्टही सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीनं परदेशांतून धरून आणलेल्या हजारो माणसांकडून जुलमानं काम करून घेतलं.

कार्ल बेंझ 1929 साली गेला. बर्थाबाई 1944 साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेल्या. दहा वर्षांनी, 1954 साली, टाटांनी या कंपनीशी करार केला अन् जमशेदपूरला मालट्रक होऊ लागले. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना चांदणीचा तो ट्रक आठवत असेल. आता या मोटारी आपल्या पुण्याजवळ, चाकणला जोडतात.